पहारेकऱ्याचें ओझें

कारंजा हें आमचें आजोळ. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस व पोहा वेस या त्या गांवच्या चार वेशी वऱ्हाडांतील बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. लहानपणीं सुटींत तेथें गेलों म्हणजे त्या कमानींखालून जातांना आम्ही मामांस हटकून विचारीत असूं कीं, एवढ्या मोठ्या गांवाला वेशी चारच कां? मामा म्हणत, "जितक्या वेशी तितके पहारेकरी पोसावे लागतात. पांचवी ठेवली तर तिच्यावर बसणार कोण?" इतक्या वर्षांनीं हें बोलणें आठवण्यास जें निमित्त झालें तें आमच्या घरांतलेंच आहे, व त्याचा संबंध संगणकाशीं आहे. संगणकाचें नांव पाहून आमच्या कांहीं वाचकभगिनी पान उलटूं लागल्या असतील. त्यांस विनंति इतकीच कीं, क्षणभर थांबावें. कडी, कुलूप, नोकर आणि घड्याळ यांपलीकडचें यांत फारसें कांहीं नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा येथें वाशीमलाच असतो. एका पतसंस्थेच्या संगणकांची देखरेख त्याच्याकडे आहे. संस्थेचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यानें तेथें पहाऱ्यासाठीं म्हणून एक निराळा संगणक बसविला. संस्थेंतील सर्व यंत्रांच्या तारा ज्या पेटींत एकत्र येतात तिला स्विच म्हणतात. त्या पेटींतून जाणाऱ्या-येणाऱ्या सर्व मजकुराची एक नक्कल या पहाऱ्याच्या यंत्राकडे वळविलेली असते. यंत्र ती वाचतें, कांहीं संशयास्पद दिसल्यास टिपून ठेवितें व खबर देतें. ऐकण्याच्या तारेला स्वतःचा पत्ता दिलेला नसतो, म्हणजे ती सर्व ऐकते पण तिला कोणी हाक मारूं शकत नाहीं. दुसरी एक तार मात्र पत्त्याची असते. तिच्यावरून यंत्राचा कारभार पाहावयाचा. या कामाचे सुरिकाटा, झीक असे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. दोहोंत झीक वडील. व्हर्न पॅक्सन यांनीं तो १९९५ सालीं अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत लिहिला. तेव्हां त्याचें नांव ब्रो होतें, तें २०१८ सालीं बदललें.

यंत्र बसून महिना झाला नाहीं तोंच पुतण्याची तक्रार सुरू झाली कीं, आमचा पहारेकरी दुपारीं पेंगतो. गर्दीच्या वेळीं समोरून जाणाऱ्या मजकुराचे कांहीं तुकडे त्याच्या हातून वाचावयाचे राहूं लागले होते, आणि नेमका राहिलेला तुकडाच चोराचा नसेल हें कोणीं सांगावें? संस्थेनें दिलेलें यंत्र जुनें होतें व नव्यासाठीं पैसे मागण्याचा त्याला संकोच वाटत होता. जेवतांना हें बोलणें चालू असतां आमच्या कुटुंबानें ताक वाढतां वाढतां विचारलें, "अरे, त्याला पहाऱ्यावांचून दुसरीं कामें किती सांगितलीं आहेस?"

"दुसरें एकही नाहीं, काकू," असें तो म्हणाला खरा. पण हात धुवून उठला तो तडक संस्थेंत गेला, व रात्रीं उशिरां परत आला तेव्हां त्याच्या हातांत एक यादी होती.

येथें 'सेवा' या शब्दाचा या शास्त्रांतील अर्थ सांगितला पाहिजे. संगणक सुरू होतांच त्याच्या पोटांत अनेक लहान लहान कार्यक्रम आपोआप जागे होतात व कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत बसतात. एक छपाईची हाक ऐकतो, दुसरा टपालाची, तिसरा घड्याळ मिळवितो. यांस सेवा म्हणतात. बाहेरून हाक येण्यासाठीं क्रमांकाचीं दारें असतात; त्यांस पोर्ट म्हणतात. अशीं दारें दोन जातींचीं, व प्रत्येक जातीचीं ६५,५३५ असूं शकतात. ज्या दाराशीं एखादी सेवा कान देऊन बसली असेल तें उघडें, बाकीचीं बंद. कोणत्या दाराशीं कोण बसलें आहे तें दाखविणारी 'एसएस' नांवाची एक लहानशी आज्ञा आहे. पुतण्यानें ती त्या रात्रीं प्रथमच दिली होती.

यादी मोठी मनोरंजक होती. पहिली कप्स, म्हणजे छपाईची सेवा. त्या यंत्राला प्रिंटर कधीं जोडलेलाच नव्हता. दुसरी अवाही. ही आसपासच्या यंत्रांस आपलें नांव व ठिकाण पुकारून सांगते. ज्यानें गुपचूप पहारा करावयाचा त्यानेंच गल्लींत आपल्या नांवाचा पुकारा करीत हिंडावें, हा प्रकार पाहून आम्हांस हंसूं आवरेना. शिवाय ब्लूटूथ, शिवाय मोडेम शोधीत बसणारी एक, शिवाय टपाल पोंचविणारी पोस्टफिक्स. आणि या सर्वांवर कडी म्हणजे खिडक्या व चित्रें यांसह संपूर्ण रंगीत पडदा, जो पाहावयास त्या कोंदट खोलींत दिवसभर कोणी नसतें. हें सारें आलें कोठून? तर पुतण्यानें लिनक्सची जी आवृत्ति यंत्रावर चढविली ती घरीं-कचेरींत वापरावयाची होती. ती बनविणाऱ्यांनीं ज्याला जें लागेल तें हाताशीं असावें म्हणून सर्वच नोकर आगाऊ नेमून ठेविले होते. त्यांत त्यांचा दोष नाहीं. दोष असेल तर बिऱ्हाड घेतांना घरांत आधींपासून कोण राहत आहे हें न पाहणाऱ्याचा.

खरें सांगावयाचें तर पहारेकऱ्याची पेंग मुख्यतः तो रंगीत पडदा बंद केल्यानें गेली. बाकीच्या सेवांनीं खाल्लेली मेमरी अगदींच अल्प होती. परंतु त्या बंद करण्याचें कारण त्यांची भूक हें नव्हे. त्यांचीं उघडीं दारें हें कारण आहे.

या दारांचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. पूर्वीं फिंगर नांवाची एक सेवा असे. घरांत सध्यां कोण आहे, हें दाराशीं येणाऱ्या परक्याला सांगणें एवढेंच तिचें काम. असा नोकर कोणता गृहस्थ दाराशीं उभा करील? पण त्या काळीं संगणकाचें जग लहान होतें व सगळे सगळ्यांस ओळखीत. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला किडा ज्या वाटांनीं यंत्रायंत्रांत शिरला त्यांत ही फिंगर सेवा होती, आणि टपालाच्या सेवेंत तपासणीसाठीं ठेविलेली व पुढें बंद करावयाची राहिलेली एक खिडकीही होती. हा फार जुना प्रसंग झाला असें कोणी म्हणेल, म्हणून आपल्या दाराशीं येऊं. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाच्या उपद्रवानें डेन्मार्कच्या मार्स्क कंपनीचे संगणक जगभर निकामी झाले. त्यांत आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील, त्या समूहाकडे असलेल्या मालधक्क्याचेंही काम खोळंबलें. हा उपद्रव ज्या वाटांनीं पसरला त्यांतील एक म्हणजे फाईली वांटून घेण्याची १९८० च्या दशकांतील जुनी पद्धति, जिला एसएमबीची पहिली आवृत्ति म्हणतात. तिच्या जागीं चांगल्या नव्या आवृत्ति येऊन वर्षें लोटलीं होतीं. त्या फटीवरचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिलें होतें, आणि ती आवृत्ति वापरूं नका असें त्यांचीच माणसें त्याआधींपासून सांगत होतीं. तरी असंख्य यंत्रांत ती जागीच होती, कारण तिला निजविण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

पुतण्याच्या यादींतील छपाईची सेवा तर अगदीं अलीकडे गाजली. सिमोने मार्गारितेली या इटालियन संशोधकानें २६ सप्टेंबर २०२४ रोजीं दाखवून दिलें कीं, तिची एक जोडसेवा ६३१ क्रमांकाच्या दाराशीं बसून कोणाही परक्याचा निरोप घेते, व परका तिच्याकडून आपला खोटा प्रिंटर यंत्राच्या वहींत नोंदवून घेऊं शकतो. त्या प्रिंटरवर पुढें कोणी कांहीं छापावयास गेलें तरच घात पुरा होई, हेंही सांगितलें पाहिजे. उगाच भीति घालणें आम्हांस मान्य नाहीं. पण जेथें छपाईच नाहीं तेथें असला निरोप्या दाराशीं ठेवावा कशाला?

सर्वांत बोधप्रद हकीकत मात्र पहारेकऱ्यांचीच आहे. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचीं पहाऱ्याचीं साधनें फार नांवाजलेलीं होतीं. त्यांच्या पोटांत निरनिराळ्या भाषा वाचणारे विभाग होते, व त्यांपैकीं एक आयसीक्यू नांवाच्या गप्पांच्या सोयीची भाषा वाची. त्या वाचण्यांत एक चूक निघाली. ती जाहीर झाल्यावर एक-दोन दिवसांतच, आपल्याकडील २० मार्च २००४ च्या सकाळीं, विटी नांवाचा किडा सुटला. आमच्या विटीदांडूशीं त्याचा संबंध नाहीं. त्याच्या पोटांत 'येथें कांहीं चतुर वाक्य घाला' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य होतें, त्यावरून हें नांव पडलें. एकच तुकडा वाचावयास मिळाला कीं पुरे, पहारेकरी स्वतःच बाधित होई, वीस हजार ठिकाणीं तोच तुकडा धाडी, मग स्वतःच्या तबकडीवरील मजकूर थोडासा पुसून टाकी, आणि पुनः धाडूं लागे. पाऊण तासांत सुमारें बारा हजार यंत्रें गेलीं. ज्यांनीं सुरक्षिततेसाठीं पैसे मोजले नव्हते त्यांना या किड्यानें स्पर्शही केला नाहीं. कुंपणानेंच शेत खाल्लें, दुसरें काय! पुढें ऑक्टोबर २००५ मध्यें स्नॉर्ट या सुप्रसिद्ध पहारेकऱ्याच्या एका विभागांत असाच दोष निघाला. तो विभाग बॅक ऑरिफिस नांवाच्या चोरसाधनाचा माग काढण्यासाठींच होता, आणि ज्यांस नवी आवृत्ति तत्काळ घेणें शक्य नाहीं त्यांनीं तो विभागच बंद ठेवावा, असा सल्ला देण्यांत आला. म्हणून पुतण्यानें सुरिकाटाचीही यादी काढली, आणि ज्या भाषा पतसंस्थेंत कोणी बोलतच नाहीं त्यांचे वाचक रजेवर पाठविले.

जातां जातां घरच्यांसाठीं एक गोष्ट. वायफायच्या डबींतही परगांवाहून कारभार करण्याचें एक दार असतें. तें लागत नसेल तर बंद असूं द्यावें. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यांतून आला तसाच ठेवूं नये. २०१६ सालीं मिराई नांवाच्या उपद्रवानें असल्याच कॅमेऱ्यांच्या टेलनेट या दारांतून शिरून त्यांची फौज उभारली होती.

असो. आतां सेवा बंद कशी करावी? येथें आमच्या व्याकरणाचा थोडा उपयोग झाला, हें लिहितांना आम्हांस समाधान वाटतें. पुतण्यानें पहिल्या रात्रीं छपाईची सेवा थांबविली. यंत्र पुनः सुरू केल्यावर ती परत हजर. मग त्यानें ती हजेरीपटावरूनच काढली, म्हणजे 'डिसेबल' केली. तरी दोन दिवसांनीं ती जागीच! कारण तिच्या दारावर सॉकेट नांवाची एक घंटा निराळी टांगलेली होती. कोणी घंटा वाजविली कीं ती हजेरीपट न पाहतां नोकराला उठवी. आम्ही त्याला म्हणालों, "अरे, हें पाणिनीला ठाऊक होतें. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्या निमित्तानें व्हावयाचें कार्य होतच राहतें. तें अंगावरचें कार्यही नको असेल तर लोप म्हणून भागत नाहीं, लुक् म्हणावें लागतें." तो हंसून म्हणाला, "काका, तुमच्या लुक्‌ला आमच्यांत 'मास्क' म्हणतात." मास्क केलें म्हणजे सेवेचें नांव थेट शून्याशीं जोडलें जातें, मग कोणीही, कोणत्याही निमित्तानें, तिला उठवूं शकत नाहीं. पोस्टफिक्स, अवाही, ब्लूटूथ सगळ्यांस त्यानें याच रीतीनें निरोप दिला. जें सेवेपुरतें थांबवून भागलें नाहीं तें यंत्रावरून समूळ काढलें.

येथवर सर्व ठीक झालें. येथें तो थांबला असता तर आम्ही हा लेख लिहिलाही नसता.

झाडूं लागलेल्या माणसाला हात आवरत नाहीं. यादींत क्रोनी नांवाची एक सेवा होती. हिचाही कान एका दाराशीं लागलेला, नांव अपरिचित, आणि ती बंद केल्यावर यंत्राचें कांहीं अडलें आहे असें दिसेना. तीही मास्क झाली. ही यंत्राचें घड्याळ मिळविणारी सेवा. आमच्या जुन्या मनगटी घड्याळाप्रमाणें संगणकाचें घड्याळही रोज पांच-सहा सेकंद मागें पडूं शकतें. तें कोणाला कळत नाहीं, कारण दुसरी सेवा तें रोज गुपचूप पुढें सारीत असते. चार महिन्यांत पहारेकऱ्याचें घड्याळ अकरा मिनिटें मागें पडलें.

आणि नेमक्या त्याच सुमारास पहारेकऱ्यानें एक खरी गोष्ट पकडली. रोख घेणाऱ्या खिडकीवरील संगणकानें संध्याकाळीं पांच चोपन्नला परदेशांतील एका अनोळखी पत्त्याशीं संधान बांधलें होतें. त्या खिडकीवरचा लेखनिक त्या दिवशीं सहा वाजून एक मिनिटानें गेला, असें अंगठ्याच्या यंत्रावर होतें. म्हणजे कृत्य घडलें तेव्हां तो तेथें होता, व एकटाच होता. त्यानें परोपरीनें सांगितलें कीं, आपण त्या वेळीं रोकड मोजीत होतों. पण एकीकडे माणसाचा शब्द आणि दुसरीकडे यंत्राचें टिपण; संचालकांनीं यंत्रावर विश्वास ठेविला व त्याला चौकशी होईपर्यंत घरीं बसविलें. वाशीमसारख्या गांवांत असली बातमी किती वेळ दबून राहणार? बाजारांत लोक त्याच्या पत्नीपाशीं चौकशी करूं लागले.

पैसा कोठेंही गेला नव्हता, हें पुतण्याला खटकत होतें. पांचव्या दिवशीं त्यानें इंटरनेटची तार ज्या पेटींत येते तिचें टिपण काढून पहारेकऱ्याच्या टिपणाशेजारीं ठेविलें. तोच पत्ता, तोच मजकूर, आणि वेळ सहा पांच. प्रत्येक नोंद अकरा मिनिटांनीं चुकत होती. अंगठ्याचें यंत्र आपल्या मोबाईलशीं ताडून पाहिलें तें बरोबर निघालें. लेखनिक घरीं निघून गेल्यावर चार मिनिटांनीं तो संगणक आपण होऊन बोलला होता. कां बोलला याचाही शोध लागला. वर्षापूर्वीं पासबुक छापण्याचें यंत्र बसविण्यास आलेल्या कारागिरानें दुरून काम करतां यावें म्हणून एक कार्यक्रम त्यांत घातला होता, व तो काढावयाचा राहिला होता. तो महिन्यांतून एकदां आपल्या मूळ घरीं हजेरी लावी. म्हणजे जेथें नको ती सेवा राहिली होती, आणि जेथें हवी होती तेथून ती काढली गेली होती.

हें घरीं येऊन सांगतांना पुतण्या आमच्याकडे पाहत नव्हता. आम्हीही कांहीं बोललों नाहीं. कारण झाडझूड करण्यास उत्तेजन देण्यांत आमचाही वांटा होता. पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांतच सांगितलें आहे कीं, सर्व यंत्रांचीं घड्याळें राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र अथवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशीं मिळविलेलीं असावींत, टिपणें १८० दिवस जपावींत, व घडलेला प्रकार सहा तासांत कळवावा. त्या आदेशाची प्रत संस्थेच्या कपाटांत होती.

पुतण्यानें आतां एक वही केली आहे. प्रत्येक सेवेचें नांव, ती कोणाच्या कामाची, कोणत्या दाराशीं बसते, केव्हां व कां बंद केली, आणि बंद केल्यावर महिन्याभरानें काय आढळलें, असे रकाने आहेत. ज्या सेवेचें काम कळत नाहीं तिच्यापुढें प्रश्नचिन्ह असतें. तोंवर तिला हात लावावयाचा नाहीं, पण प्रश्नचिन्हही महिन्यापेक्षां अधिक राहूं द्यावयाचें नाहीं. क्रोनी पुनः कामावर आहे. मात्र ती आतां दिल्लीची वेळ विचारते, स्वतःची वेळ बाहेर कोणाला सांगत नाहीं, कारण सांगण्याचें तिचें दार निराळें होतें व तें बंद करतां येत होतें. हें त्याला पहिल्या रात्रींच पाहतां आलें असतें.

लेखनिकाला संस्थेनें लेखी पत्र देऊन सन्मानानें परत बोलाविलें, अडलेलें वेतनही दिलें. तो पंधरा दिवस कामावर आला व नंतर त्यानें राजीनामा दिला. आतां तो रिसोडला एका धान्याच्या अडत्याकडे हिशेब लिहितो. गेल्या रविवारीं पुतण्या बसनें तिकडे जाऊन आला. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंही सांगितलें नाहीं. चहा मात्र घेतला, एवढें त्याच्या काकूला कळलें आहे.